उजव्या पायाची लंगडी

९ सप्टेंबर

प्लास्टर काढलं. आतून निघाला तो पाय माझा नव्हेच! बारीक, पांढुरका, सालपटं सुटलेला. आमच्या ऑफिसात कुणी आणून दिला असता तर मी वहीत नोंद केली असती — 'पाय, डावा, नग एक. मालकाचा पत्ता नाही.' बस डेपोतल्या हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत सहा वर्षं बसून हेच सुचणार!

डॉक्टरांना तिहेरी उडी म्हणजे काय ते नीट माहीत नव्हतं. टेबलावर दोन बोटं नाचवून दाखवलं. आधी लंगडी, मग ढांग, मग उडी. मी उडीची फळी डाव्यानं मारते, उतरते डाव्यावरच, मग ढांग टाकून उजव्यावर, आणि तिथून वाळूत. डॉक्टर बोटांकडे बघत राहिले. म्हणाले, "म्हणजे पहिला दणका पूर्ण डाव्यावर?" म्हटलं, पूर्ण. अंगाच्या दहापट-बारापट वजन असतं म्हणे त्या क्षणाला.

"चालाल. पळालसुद्धा," म्हणाले. "पण ह्या पायावर लंगडी घालून उतरणं आता विसरा. पावलाच्या मधलं होडीसारखं हाड आहे ते. स्क्रू घातलाय, पण पुन्हा मोडलं तर चालणंही कठीण."

किती साधेपणानं म्हणाले! चष्मा पुसत.

चौदा वर्षं. चौदा मीटर दोन सेंटिमीटर. जगातली सहावी. विसरा.

१३ सप्टेंबर

सर येऊन गेले. संत्री आणली होती. पायाकडे एकदाही बघितलं नाही. स्पर्धेतल्या त्या चौथ्या उडीचा विषय मी काढला — तो काडी मोडल्यासारखा आवाज त्यांना कडेला ऐकू आला होता का? — तर म्हणाले, "संत्री गोड आहेत, खाऊन घे."

जाताना दारात उभं राहून म्हणाले, "माझ्याबरोबर शिकवायला ये. पोरी तुझं ऐकतील." एकसष्ट वर्षांचा माणूस, चपला घालताना भिंतीला हात लावावा लागला.

टोळ आता त्यांची मुख्य खेळाडू. एकोणीस वर्षांची, नुसते पाय आणि तोंड. टोळ हे नाव मीच ठेवलंय.

१५ सप्टेंबर

काही नाही. संत्री आंबट होती.

२ ऑक्टोबर

अजून दीड महिना डावा पाय टेकायचा नाही. कुबड्या मला जमत नाहीत, काखा सोलवटून निघाल्या. म्हणून घरातल्या घरात लंगडी. पलंग ते न्हाणीघर, न्हाणीघर ते ओटा. सासूबाईंचा गुडघा मागच्याच महिन्यात बदललाय. त्या वॉकर ठोकत एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं, मधल्या बोळात वाहतूक तुंबते. आज म्हणाल्या, "तू आधी जा बाई, तुला एकच पाय आहे."

नवरा कामावरून आला तेव्हा मी बोळातून येत होते. दारातच उभा राहिला, गुडघ्यांवर सिमेंटची पुटं तशीच.

"परत जा," म्हणाला.

"का?"

"जा तर. आता ये."

आले. तर हा फरश्या मोजतोय! दिवसभर लोकांच्या घरी फरश्या बसवतो, घरी येऊनही नजर खालीच. "तीन फरश्या एका टप्प्यात. साठाची फरशी आहे. एक ऐंशी! उभ्या जागेवरून! तुझी उजवी लंगडी फक्कड आहे की गं."

म्हटलं, गाढवा, मी उजव्यावर उडत नाही.

"उडतेस की. रोज न्हाणीघरात जातेस तेव्हा काय करतेस?"

३ ऑक्टोबर

ते वाक्य डोक्यातून जाईना. ऑफिसात आज सात छत्र्या, एक कवळी, एक डाव्या पायाचा बूट. कवळीचा मालक तोंडावर रुमाल धरून आला आणि खुणांनी सांगू लागला, तरी मी आपली बोटं टेबलावर नाचवतेय — उजवा, उजवा, डावा. उजवा, उजवा, डावा. बिचारा वैतागून टेबल वाजवायला लागला.

उलट्या क्रमानं केलं तर पहिला दणका उजव्यावर जातो. डाव्याला फक्त शेवटचा टप्पा. तोही काही हलका नसतो — पण सगळ्यात मोठा नाही.

वेडेपणा आहे. एकोणतिसाव्या वर्षी!

२१ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणाले, "शेवटचा टप्पा... सावकाश सुरू करा, सहा महिन्यांनी फोटो काढून बघू. नाही म्हणत नाही." हा माणूस नाही म्हणत नाही म्हणजे माझ्या दृष्टीनं ढोल वाजवल्यासारखं आहे.

सरांना मैदानावर जाऊन सांगितलं. ऐकून घेतलं. मग मैदानाकडे बघत म्हणाले, "तुझा उजवा पाय पाहुणा आहे गं. चौदा वर्षं नुसता शेवटचा टप्पा टाकायला येतो नि जातो. त्याला घर चालवायला सांगतेयस."

"शिकेल."

"मेंदूला डावा माहीत आहे. धाव, खूण, फळी — सगळं डाव्याचं. किती वर्षं जातील?"

"तुम्ही शिकवाल की नाही, तेवढं सांगा."

पायानं गवत उकरलं. मग एकदम, रागावल्यासारखे, "जानेवारीत ये. वाळूत नाही — आधी गवतावर."

असे का चिडले, कळलं नाही. पण हो म्हणाले!

८ जानेवारी

गवतावर. टोळ आणि तिच्या बरोबरीच्या पोरी कडेला बसून शेंगा सोलल्यासारखं मला सोलत होत्या. सहा पावलं धावून उजव्यानं मारायचं, एवढंच. पाचव्या पावलाला डावा पाय आपणहून पुढे येतो आणि मी अडखळते. डाव्या हातानं सही करायची आणि तीही धावत — तसं.

शेवटी एक जमली. सरांनी टेप लावली. नऊ मीटर चाळीस.

शाळेत असताना पहिल्यांदा उडले तेव्हा दहा दहा होतं! पंधरा वर्षांची होते!

टोळ म्हणाली, "ताई, छान होतं." दयेनं. मुस्काटात मारल्यासारखं वाटलं.

९ जानेवारी

गेले. नऊ पंचावन्न.

३० जानेवारी

दहा चौसष्ट! पंधरा वर्षांच्या मला हरवलं!

१७ फेब्रुवारी

ह्यानं बोळात रंगीत पट्ट्या चिकटवल्यात. उजव्याला लाल, डाव्याला निळ्या. सासूबाई त्यांवरूनच चालण्याचा व्यायाम करतात. पाहुणे आले की बिचकतात. सासूबाई त्यांना गंभीर चेहऱ्यानं सांगतात, "लाल पट्टीवर पाय ठेवू नका, ती सुनेची आहे."

११ मार्च

हे लिहावं का, कळत नाही. लिहिते.

डॉक्टरांना स्पर्धेच्या वेळचे जुने फोटो हवे होते, तुलनेसाठी. तिथल्या दवाखान्याला आम्ही पत्र टाकलं होतं. आज सगळी फाइल आली. त्यात मोडल्यानंतरचे फोटो आहेत. आणि मोडण्याच्या तीन दिवस आधीचेही. पाय दुखत होता म्हणून सरांनी नेलं होतं, मला आठवतं. मी बाहेर बाकावर बसले होते, सर आत जाऊन बोलून आले. "सूज आहे. बाकी काही नाही," म्हणाले होते.

अहवालात ओळ आहे. डॉक्टरांनी मला वाचून दाखवली, आणि मधेच थांबले. हाडाला बारीक चीर. उडी मारू नये.

तीन दिवस आधी.

१२ मार्च

सामान ठेवायच्या खोलीत गाठलं त्यांना. अडथळ्यांच्या चवडी, गोळे, ओल्या वाळूचा वास. कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"सूज आहे म्हणाला होतात."

सर उठले. परत बसले. चष्मा काढला, पण पुसला नाही.

"तुला सांगितलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"उडले असते."

"मग झालं तर—"

"झालं नाही! उडायचं ठरवलं असतं ते मी, सर. मी. तुम्ही नाही."

मला वाटलं होतं काहीतरी सांगतील — वरून दबाव होता, चीर बारीक होती, काहीतरी. शेवटी म्हणाले, "मला तुझा अंतिम फेरीतला नंबर बघायचा होता. माझ्या चाळीस वर्षांत कुणी तिथवर गेलं नव्हतं." एवढंच. सारवासारव केली असती तर मला ओरडता तरी आलं असतं.

बाहेर टोळ उभी होती. सगळं ऐकलं असणार. वाट सोडून बाजूला झाली.

१३ मार्च

गेले नाही.

१९ मार्च

गेले नाही. हा म्हणतो, "दुसरे मास्तर बघू." सासूबाई म्हणाल्या, "आणि त्या म्हाताऱ्यानं चौदा वर्षं दिली ती?" मी म्हटलं, आई, त्यांनी माझा पाय बळी दिला! जेवताना त्यांनी माझ्या ताटात मुकाट्यानं जास्तीचं वाढलं.

२ एप्रिल

मैदान सरांच्या बापाचं नाही. सकाळी साडेपाचला एकटीच गेले, त्यांच्या वेळेच्या दीड तास आधी.

खड्डा आधीच खणून ठेवलेला होता. वाळू ओली केलेली, फावड्यानं वर-खाली, दाताळ्यानं सपाट. रखवालदाराला विचारलं. म्हणाला, "मी नाही बाई. मास्तर येऊन गेले."

९ एप्रिल

रोज. आठवडा झाला, रोज. एकदा पाच वाजताच गेले — तर पाठमोरे होते, दाताळं ओढत. मला पाहिलं. दाताळं भिंतीला टेकवलं, मान खाली घालून फाटकाबाहेर गेले. कंबर दुखते त्यांची. खड्डा आठ मीटर लांब आहे.

मी त्यांना हाक मारली नाही.

उडले मात्र. टेप धरायला कुणी नव्हतं, पावलांनी मोजलं.

५ मे

टोळ आली आज पहाटे. न विचारता टेप उचलली. "ताई, बारा एकतीस." मग जरा वेळानं, "ताई, तू शेवटची चार पावलं फळीकडे बघतेस. फळी पळून जात नाही."

कार्टी! पण खरं आहे. समोर बघून उडले. बारा अठ्ठावन्न.

मग आम्ही दोघी खड्ड्याच्या काठावर बसलो. म्हणाली, "माझ्या पायाचा फोटो काढला मागच्या आठवड्यात. सरांनी अहवाल बंद पाकिटातच माझ्या हातात दिला. म्हणाले, तू उघड, तू वाच, मग मला सांग."

मी वाळूत बोटांनी रेघा मारत बसले. टोळचे पाय ठणठणीत आहेत म्हणे.

६ मे

फाटकाशी थांबून राहिले. सर दाताळं हातात घेऊनच बाहेर पडत होते. म्हटलं, "सर, धाव सोळा पावलांची ठेवू की अठरा?"

त्यांनी दाताळं खाली ठेवलं. "अठरा," म्हणाले. "पण धावेची खूण वीतभर मागे."

माफ केलं का? माहीत नाही. खूण वीतभर मागे सरकवली, एवढं खरं.

१८ जून

डाव्या पायाचा फोटो. मी स्वतः हातात धरला, खिडकीशी. हाड जुळलंय. स्क्रू छान चमकतोय! डॉक्टर म्हणाले, "तुमची ती बोटांची कसरत करा पाहू परत." टेबलावर करून दाखवली — उजवा, उजवा, डावा. "चालेल," म्हणाले. स्वतःही एकदा करून बघितली, कुणी बघत नाही ना ते पाहून.

२३ ऑगस्ट

छोटा सामना, दोन तासांवरचं गाव. खुर्च्यांवर माणसं कमी नि कावळे जास्त. उजव्या पायावरची माझी पहिली अधिकृत उडी. पंचबाईंनी नाव वाचलं, मान वर करून बघितलं — "त्याच का तुम्ही?" म्हटलं, त्याच, फक्त पाय दुसरा.

तेरा शून्य दोन. तिसरी आले. तीन जणींपैकी नाही हां! अकरा जणींपैकी!

१० डिसेंबर

उजवी पोटरी धरलीय. दहा दिवस बंद. चिडचिड. ह्याच्यावर ओरडले, सासूबाईंवर ओरडले, ऑफिसात एका बाईची हरवलेली पिशवी तिलाच द्यायची विसरले.

१ जानेवारी

नवी वही. संकल्प एकच. जुलैतल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेची पात्रता तेरा ऐंशी. टोळनं ती मागच्या महिन्यातच ओलांडली, तेरा चौऱ्याण्णव! मला पेढा भरवल्यासारखी बातमी द्यायला घरी आली आणि बोळातल्या पट्ट्यांवरून उड्या मारत आत शिरली.

माझी सगळ्यात लांब उडी आजच्या घडीला तेरा एकवीस. साठाला एक कमी. एक फरशी! हा म्हणाला, "एक फरशी काय, मी अर्ध्या तासात बसवतो."

२७ मार्च

तेरा बेचाळीस. सर टेप दोनदा लावतात आता. मग मला बोलावून स्वतःच्या डोळ्यांनी आकडा बघायला लावतात. दर उडीला. बोलून काही दाखवत नाहीत.

१५ मे

तेरा त्रेसष्ट. काहीतरी झालं आज. फळी आली कधी आणि गेली कधी, कळलंच नाही. उजव्यावर उतरले तेव्हा पाहुण्यासारखं वाटलं नाही. घरचंच माणूस दार उघडायला आल्यासारखं वाटलं. सर लांबून ओरडले, "हां! आलं, आलं!" त्यांचा आवाज चिरकला.

२१ जून

शेवटची संधी. आज नाही तर नाही. ह्यानं काम बंद ठेवलं, एका घराचं न्हाणीघर अर्धं उखडलेलं तसंच सोडून आला. सासूबाई आल्या, नव्या गुडघ्यानं सगळ्या पायऱ्या चढून, आणि वरून मला हात दाखवत राहिल्या, मी बघेपर्यंत.

पहिली — तेरा एकावन्न. दुसरी — लाल झेंडा. तिसरी — तेरा छपन्न. चौथी — लाल झेंडा, अंगठ्याएवढा पाय पुढे! पाचवी — तेरा एकोणसाठ.

सहावीआधी सर कठड्याशी आले. मला वाटलं, खूण हलवायला सांगतील. म्हणाले, "पाय कसा आहे?"

"चांगला."

"खरं सांग."

"खरंच चांगला, सर. दोन्ही."

"मग तुझं तू ठरव." आणि मागे झाले.

धावले. समोर बघून. लंगडी उंच गेली, ढांग — ढांग इतकी लांब मी कधी डाव्यावरूनही टाकली नव्हती! — आणि वाळू. उठले तर सगळे उभे होते. पांढरा झेंडा. पंचबाई टेपेवर वाकल्या. पुन्हा वाकल्या.

तेरा अठ्ठ्याहत्तर.

दोन सेंटिमीटर.

मी खड्ड्याच्या काठावर बसले आणि बुटातली वाळू काढली. एका बुटातूनच किती वाळू निघते!

२४ जून

रडून झालं. परवा रडले, काल रडले, आज ऑफिसला गेले. जागतिक गुणांच्या यादीतून काही जागा भरतात, पण ते बत्तीस जणी घेतात आणि माझा नंबर चौतिसावा. विषय संपला.

आणि तरी — कसं लिहू — जड वाटत नाहीये. ज्या पायावर मला अठरा महिन्यांपूर्वी नऊ चाळीस येत होतं, त्या पायावर मी तेरा अठ्ठ्याहत्तर उडले. मोडल्यावर मला फक्त डावा आठवत होता. उजवा आपला मुकाट उभा होता, सगळं वजन घेऊन.

संध्याकाळी सरांना सांगितलं, सप्टेंबरपासून तुमच्याबरोबर शिकवायला येईन. एका अटीवर. प्रत्येक पोरीचा प्रत्येक कागद आधी पोरीच्या हातात.

"लिहून देऊ?" म्हणाले.

"द्या."

खरंच लिहून दिलं! मागच्या पानाला टाचून ठेवलंय.

टोळला बॅग भरायला मदत केली. सहा जोड मोजे घेतलेत तिनं, टॉवेल एकही नाही.

६ जुलै

सरांचा फोन. आधी नुसताच श्वास. मग, "यादीतल्या दोघींनी नावं मागे घेतली. बॅग भर." बत्तिसांपैकी बत्तिसावी. विमान मंगळवारी!

सासूबाई वॉकर न घेता शेजारीपाजारी सांगत सुटल्यात — आमच्या सुनेचा जगात शेवटून पहिला नंबर आला!